सत्तर गुण मिळाले म्हणजे गेम पडला का?

डिसेंबरातली गोष्ट. यावलजवळ बहिणीच्या शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजून झाली होती, मोठी माणसं गोल बसून सालं काढत होती, आणि लिंबाखालच्या खाटेवर माझा भाचा आणि त्याचे दोन कॉलेजमित्र एकाच मोबाइलवर डोकी घालून तावातावाने भांडत होते. मला वाटलं क्रिकेट असेल. जवळ गेलो तर विषय वेगळाच. तिघांनी वर्गणी काढून घ्यायचा ठरवलेला जपानी धाटणीचा एक नवा रोल-प्लेइंग गेम (म्हणजे एखादं पात्र होऊन मोठी गोष्ट खेळायची) आदल्या आठवड्यात आला होता, आणि त्याचे रिव्ह्यू निघाले 'मिश्र'. कुणी दहापैकी नऊ दिलेले, कुणी पाच. सरासरी सत्तरीच्या आसपास.

"मामा, किती वर्षं वाट पाहिली आम्ही याची," भाचा म्हणाला. "या रिव्ह्यूवाल्यांना असले गेम कळतच नाहीत." भुसावळचा मित्र म्हणाला, "सत्तरचा गेम म्हणजे पडेल गेम. पाच हजार काय झाडाला लागतात का भो?" तिसरी शिरपूरची मुलगी. तिने एकटीने डेमो, म्हणजे गेमचा फुकट मिळणारा सुरुवातीचा तुकडा, खेळून पाहिला होता. ती एवढंच म्हणाली, "माले त भलताच आवडना."

त्या गेमचं नाव मी लिहीत नाही. नाव बदलून हाच वाद दर वर्षी येतो, आणि मी तो पंधरा वर्षं ऐकतोय. त्या तिघांना त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश सांगतो. आपल्याकडे चार-पाच हजारांचा गेम घेणं ही गंमत म्हणून करायची खरेदी नाही. कुणी दिवाळीचे पैसे साठवतं, कुणी मित्रांत वाटणी करतं. अशा वेळी एका आकड्याकडे पाहून निर्णय होतो, म्हणून तो आकडा कसा तयार होतो हे माहीत असलेलं बरं.

आधी 'जपानी धाटणी' म्हणजे काय ते. 1986 साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. तो रचणारे युजी होरिई यांना 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन अमेरिकन संगणक-गेम फार आवडायचे. पण ते कीबोर्डवर खेळायचे, आणि जपानी घरांतल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या कंट्रोलरवर दिशेचं एक बटण आणि दोन-चार साधी बटणं. मग सगळं मेनूत बसवलं: मार, मंत्र टाक, वस्तू वापर, पळ. पत्त्यांच्या डावासारखं. तुमची पाळी, मग समोरच्याची पाळी. घाई नाही, विचार करून पान टाकायचं. पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, 'फायनल फँटसी' आला आणि हा घाट पक्का झाला. मोठी कथा, सोबत्यांची टोळी, हळूहळू वाढणारी ताकद, गावं, दुकानं, सराया, आणि शेवटी जगावरच आलेलं संकट.

हे सगळं आता जपानपुरतं राहिलेलं नाही. 2025 मध्ये सगळ्यात मोठा गाजावाजा झालेला 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33' हा पाळीपाळीने लढायचा गेम फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या चमूने केला, आणि वर्षाचा सर्वोत्तम गेम म्हणून गौरवलाही गेला. उलट 'फायनल फँटसी 16'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी 2023 मध्ये सांगितलं होतं की हे 'जपानी' लेबल पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा काही जपानी निर्मात्यांना ते हिणवल्यासारखं वाटलं होतं. त्यामुळे या शब्दावरून फॅन हळवे होतात, ते उगाच नाही. 'या धाटणीचा म्हणून गुण कापले' असा संशय त्यांच्या मनात आधीपासून बसलेला असतो.

आता आकड्याकडे येऊ, कारण निम्मं भांडण तिथेच आहे.

'मेटाक्रिटिक' ही 2001 पासून चालणारी साइट. जगभरच्या समीक्षकांचे गुण गोळा करून शंभरपैकी एक सरासरी काढते. गेमसाठी 75 आणि वर हिरवा रंग, 50 ते 74 पिवळा, त्याखाली लाल. पिवळ्या पट्ट्याचंच नाव 'मिश्र किंवा सरासरी'. सगळ्या समीक्षकांचं वजन सारखं नसतं. कुणाचं मत किती जड धरायचं हे साइट ठरवते आणि ते प्रमाण जाहीर करत नाही.

आपल्या मनात मात्र दहावीचा निकाल बसलेला असतो. 35 ला पास, 60 ला फर्स्ट क्लास, 75 ला विशेष प्रावीण्य. त्या हिशोबाने 70 म्हणजे पेढे वाटायचे गुण. गेमच्या जगात मात्र 70 पडले की फॅनच्या घरात सुतक. कारण सोपं आहे. मोठ्या कंपनीचा, नीट चालणारा, पूर्ण झालेला गेम सहसा साठ-पासष्टच्या खाली जात नाही. म्हणजे शंभरची पट्टी कागदावर, वापरात फक्त वरचा तुकडा. त्या तुकड्यात 70 तळाशी येतात आणि 85 मधोमध. भुसावळचा मित्र 'पडेल' म्हणाला ते या हिशोबाने, आणि भाचा 'इतका काही वाईट नाही' म्हणाला ते दहावीच्या हिशोबाने. आकडा एकच, मोजपट्ट्या दोन.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सरासरीच्या पोटात लपलेली असते. समजा दहा समीक्षक आहेत. एका गेमला दहाही जणांनी सात-सात दिले. दुसऱ्याला पाच जणांनी नऊ दिले आणि पाच जणांनी पाच. दोन्हींची सरासरी 70. पहिला गेम कुणालाच फार आवडला नाही, कुणाला टोचलाही नाही. दुसरा निम्म्या लोकांना जिवापाड आवडला आणि निम्म्यांना सोसला नाही. साइटवर दोघांवर एकच पिवळा चौकोन दिसेल. पहिल्याला 'बरा' म्हणावं. दुसऱ्याला खऱ्या अर्थाने 'मिश्र' म्हणावं, आणि तो गेम तुमच्यासाठी एकतर नऊचा आहे नाहीतर पाचाचा. सातचा तो जवळजवळ कुणासाठीच नाही.

हे मी त्यांना भरताच्या ताटावरच दाखवलं. त्या दिवशीचं भरीत झणझणीत झालं होतं. हिरव्या मिरचीचा हात सैल पडला होता. आमच्या भाऊजींनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, पुण्याहून आलेल्या चुलतबहिणीने दोन घास खाऊन दह्याची वाटी जवळ ओढली. दोघांना गुण विचारून सरासरी काढली असती तर 'ठीकठाक भरीत' असं उत्तर आलं असतं, आणि त्या पंगतीत एकालाही ते भरीत ठीकठाक लागलं नव्हतं.

संगणकावरचे गेम विकणाऱ्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानावरचा 'मिश्र' तर आणखी वेगळा. तिथे गुण नसतात, फक्त अंगठा वर किंवा खाली. शंभरांतल्या 40 ते 69 जणांनी अंगठा वर केला की गेमवर 'मिश्र' लिहून येतं, 70 ते 79 ला 'बहुतांशी चांगला'. हे मतदान आहे, परीक्षा नव्हे. शंभर जणांना गेम जेमतेम बरा वाटला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला, तर निकाल शंभर टक्के! म्हणून मेटाक्रिटिकचे 68 आणि स्टीमचे 68 टक्के शेजारी ठेवून 'बघ, दोन्हीकडे सारखंच' म्हणणं म्हणजे कापसाचा क्विंटल आणि केळीचा घड एकाच काट्यावर वाचणं. भाचा हेच करत होता.

जपानमध्ये तिसरीच रीत. 'फामित्सू' साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चाळीसपैकी बेरीज छापतात. बेरीज, सरासरी नाही, आणि चौघांचे गुण वेगवेगळे दिसतात. कुणाचं कुणाशी पटलं नाही ते तिथल्या तिथे कळतं. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

आता प्रश्न असा की एकाच गेमवर समीक्षकांत इतकी फाटाफूट का होते? मोटारींच्या शर्यतीच्या गेमवर एवढी होत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेळ आहे, आणि फॅन नेमकं तेच सोडून समीक्षकाच्या अकलेवर घसरतात.

या गेमांची लांबी बघा. 'पर्सोना 5' पुरा करायला शंभरेक तास लागतात. 'फायनल फँटसी 7 रिबर्थ' 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 साठी आला तेव्हा त्याला दोन डिस्क लागल्या. समीक्षकाला गेम बाजारात येण्याआधी थोडे दिवस मिळतो, आणि अमुक तारखेच्या अमुक वेळेआधी मत छापायचं नाही अशी अट असते. त्या वेळेला ज्यांचे रिव्ह्यू तयार, तेच वाचले जातात. मग तो माणूस दिवसाला आठ-दहा तास खेळतो, लिहितो आणि पुढच्या गेमकडे वळतो.

आणि आपण? भाचा रात्री दुकान बंद करून, जेवून, दहा वाजता बसतो. तासभर खेळतो, एक गाव ओलांडतो, दोन लढाया करतो आणि झोपतो. शंभर तासांचा गेम त्याला तीन महिने पुरतो. एकच लढाईचं संगीत, एकच विजयाची धून, एकच मेनू. दिवसात साठ वेळा ऐकलं की डोकं उठतं, दिवसात सहा वेळा ऐकलं की सवयीचं, आपलंसं होतं. संथ सुरुवात दहा तासांची असेल तर समीक्षकाचा एक अख्खा कामाचा दिवस कोरडा जातो. भाच्याचे दहा दिवस जातात, पण त्या दहा दिवसांत तो पात्रांशी ओळख करून घेत असतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघं एकच पोळी खातात, एक पैज लावून आणि एक रोजच्या जेवणात.

या बाबतीत 'निअर'ची गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण ती मला लागली होती. 2010 मध्ये तो आला तेव्हा मी जळगावात शिकत होतो. एका दुकानात तासावर प्लेस्टेशन 3 खेळायला मिळायचं, डिस्क भाड्यानेही मिळायच्या. तिथे 'निअर'ची डिस्क मी हातात घेतली आणि परत ठेवली. गुण सत्तरीच्या आत होते. ग्राफिक्स जुनाट, तीच ती कामं, मोकळी माळरानं, असं सगळीकडे लिहिलेलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, आजही मी ते मान्य करतो.

पण त्या गेमची घडण अशी आहे की पहिला शेवट हा खरा शेवटच नाही. त्यानंतर अर्ध्यातून तोच भाग पुन्हा खेळायचा. आणि या दुसऱ्या खेपेला एक गोष्ट बदलते. ज्या काळ्या सावल्यांना आपण पहिल्या वेळी नुसते राक्षस म्हणून कापत सुटलो होतो, त्यांचं बोलणं आता आपल्याला कळू लागतं. तोच हल्ला, तेच बटण, तीच जागा, आणि हात थांबतो. ज्यांना हे आणखी पुढे न्यायचं असेल त्यांच्याकडून शेवटी तो गेम आपली साठवलेली सगळी प्रगती पुसून टाकण्याची परवानगी मागतो. आठवडाभरात एकदा खेळून लिहिणाऱ्याला हे दिसायची शक्यता किती? आणि दिसलं तरी तीच माळरानं पुन्हा तुडवायला लावली म्हणून तो आणखी एक गुण कापणार नाही कशावरून?

गेम बनवणारा कॅव्हिया स्टुडिओ त्याच वर्षी बंद झाला. पण खेळणारे त्याच्याबद्दल बोलत राहिले. दिग्दर्शक योको तारो यांचा पुढचा भाग 'निअर: ऑटोमाटा' 2017 मध्ये आला आणि जगभर गाजला, आणि 2021 मध्ये तो पहिला, पिवळ्या चौकोनातला गेम नव्याने सजवून परत आणला गेला. मी खेळलो तो तेव्हा, अकरा वर्षं उशिरा. त्या अकरा वर्षांची मला खरोखर हळहळ आहे.

म्हणून कमी गुणांचा प्रत्येक गेम म्हणजे लपलेला हिरा, असं मात्र मी म्हणणार नाही. फॅनमंडळी इथे हमखास पाय घसरून पडतात. 'फायनल फँटसी 13' घ्या. 2009 मध्ये जपानात आला, फामित्सूने चाळीसपैकी 39 दिले. दुसऱ्या वर्षी बाहेर आला तर मेटाक्रिटिकवर 83, आणि वाद पेटला तो आजही चालू आहे. तक्रार एकच: वाट सरळ बोळासारखी, पुढे चालायचं, लढायचं, पुढे चालायचं. मोठं मोकळं मैदान उघडतं ते अकराव्या प्रकरणात, वीसेक तासांनंतर. फॅन म्हणतात, 'थांबा, पुढे खुलतो.' ही मला प्रामाणिक सल्ल्यापेक्षा जास्त शिक्षा वाटते. वीस तास म्हणजे भाच्याच्या हिशोबाने वीस रात्री. एखाद्याने तेवढा धीर धरायला नकार दिला तर त्याची आवड कच्ची ठरत नाही. त्या गेमची लढाईची रीत मला स्वतःला मनापासून आवडते आणि तरी बोळाची तक्रार मला रास्त वाटते.

आकड्याला एवढं महत्त्व आलं ते फक्त खेळणाऱ्यांमुळे नाही. 2010 च्याच 'फॉलआउट: न्यू व्हेगास' या अमेरिकन रोल-प्लेइंग गेमच्या वेळी स्टुडिओला मेटाक्रिटिकवर 85 मिळाले तर बोनस, असा करार होता. मिळाले 84. एका गुणाने बोनस गेला, हे पुढे त्या स्टुडिओतल्या माणसानेच सांगितलं. मग फॅनही गुणांसाठी लढतात, आवडत्या गेमला दहापैकी दहा आणि नावडत्याला शून्य टाकत सुटतात. हे इतकं वाढलं की 2020 मध्ये मेटाक्रिटिकने गेम बाजारात आल्यावर पहिले 36 तास वाचकांचे गुण घेणंच थांबवलं. सुरुवातीच्या दिवसांतले शून्य आणि दहा, दोन्ही बहुधा न खेळता दिलेले असतात. त्यांच्याकडे पाहूच नका.

मग पाहायचं काय? मी त्या तिघांना म्हटलं, आकडा झाका आणि एक पाच गुणांचा आणि एक नऊ गुणांचा रिव्ह्यू शेजारी ठेवून वाचा. तिथेच खाटेवर वाचले. मजा अशी की दोघांनी जवळपास त्याच गोष्टी लिहिल्या होत्या. पाचवाला: लढाई पाळीपाळीची, संथ, जुन्या वळणाची. नऊवाला: लढाई पाळीपाळीची, निवांत, जुन्या वळणाची. पाचवाला: संवाद संपता संपत नाहीत. नऊवाला: प्रत्येक गावातल्या प्रत्येक माणसाकडे सांगायला काहीतरी आहे. वर्णन तेच, विशेषण बदललेलं. असं झालं की समजावं, समीक्षकांचं गेमबद्दल एकमत आहे, आवडीबद्दल नाही. तिथे विशेषणं गाळून फक्त नामं वाचायची आणि आपल्याला ते हवं का ते ठरवायचं. पण पाचवाल्याने 'गेम मध्येच बंद पडतो, साठवलेलं उडतं' असं लिहिलं असतं आणि नऊवाल्याने त्यावर मौन पाळलं असतं, तर तो आवडीचा प्रश्न नव्हता. तिथे दुरुस्तीचं अपडेट येईपर्यंत थांबायचं.

काही गोष्टी मात्र कुठल्याच रिव्ह्यूत सापडत नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतच नाहीत. शिरपूरच्या मुलीने सांगितलेलं मला फार पटलं. ती मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजी वाचता येतं, पण वेगाने नाही. पाळीपाळीच्या, जुन्या वळणाच्या गेममध्ये संवादाची चौकट बटण दाबेपर्यंत थांबते. ती निवांत वाचते, शब्द अडला तर मोबाइलवर अर्थ बघते आणि मग बटण दाबते. धावत्या लढाईच्या नव्या गेमांत पात्रं लढता लढता बोलतात आणि खालची अक्षरं निघून जातात, अर्धी गोष्ट तिच्या हातून सुटते. पाच देणाऱ्याने जिला 'जुनाट चौकट' म्हटलं होतं, तीच तिला हवी होती. तिच्यासाठी तो गुण कापायचा नव्हता, वाढवायचा होता.

पैशाचंही तसंच. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. या धाटणीच्या गेमात दोन तासांत नायक जेमतेम गावाबाहेर पडतो, त्यामुळे ती सोय इथे फारशी कामाची नाही. डेमो कामाचा. 'ड्रॅगन क्वेस्ट 11 एस'चा डेमो दहाएक तासांचा होता, 'फायनल फँटसी 16'चाही होता, आणि दोन्हींत डेमोमधली प्रगती पुढे पूर्ण गेममध्ये नेता यायची. ज्या गेमचा डेमो आहे त्याच्या गुणांवर भांडण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि डिस्क घेतली तर ती हातोहात फिरते, विकता येते. डाउनलोड केलेला गेम तसा कुणाला देता येत नाही, शिवाय गावात नेट किती चालतं ते आपल्याला माहीत आहेच.

पानं वाढली तोवर तिघांचं बरंच ठरलं होतं. भाच्याने आणि भुसावळच्या मित्राने आधी डेमो खेळायचा, तोही एका बैठकीत नाही, रोज तासभर, आठवडाभर. मग डिस्क घ्यायची की नाही ते ठरवायचं. शिरपूरच्या मुलीने तिच्या वाटणीचे पैसे भाच्याच्या हातात आत्ताच ठेवले. तिचं मत झालेलं होतं.

डिस्क संक्रांतीच्या सुमारास आली. पहिला महिना ती शिरपूरला आहे. भुसावळचा मित्र अजून 'पडेल' म्हणतो, पण परवा त्याने भाच्याला फोन करून विचारलं की तिसऱ्या गावातला म्हातारा नक्की काय म्हणाला होता.